‘जाऊ दे’ म्हणण्याआधी



गेल्या हिवाळ्यात रात्री साडेदहाला मी स्टेशनवरून बुक केलेल्या टॅक्सीनं घरी येत होते. चालकानं आधी विचारलं, “घरी एकट्याच असता का?” मग फोन नंबर मागितला. घर आल्यावर दाराचं लॉक लगेच उघडलं नाही. मिनिटभरच, पण ते मिनिट अजून आठवतं. घरी सांगितलं, तर हे म्हणाले, “नीट पोचलीस ना? मग जाऊ दे.” आणि मी जाऊ दिलं.

आज त्या ‘जाऊ दे’बद्दलच बोलायचंय.

आपल्याकडे टॅक्सीचा परवाना आणि बिल्ला आरटीओ देतं. इथे इंग्लंडमध्ये ते काम स्थानिक कौन्सिलचं आहे. लंडनमध्ये मात्र ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचं. परवाना देणारा तो काढूनही घेऊ शकतो. म्हणून तक्रार टॅक्सी कंपनीकडे केलीत, तरी कौन्सिलच्या परवाना विभागाकडेही करा. गुन्हा घडला असेल तर आधी पोलीस. धोका समोर असेल तर 999, नाहीतर 101.

“पण माझ्याकडे पुरावा कुठाय?” असं आपल्याला वाटतं. इथे एक फरक लक्षात घ्या. कोर्टात शिक्षेसाठी लागतो तितका पक्का पुरावा कौन्सिलला लागत नाही. सरकारच्या 2020च्या नियमावलीत कौन्सिलनं स्वतःला विचारायचा प्रश्न साधारण असा आहे: आपल्या जिव्हाळ्याच्या माणसाला या चालकाच्या गाडीत, दिवसा किंवा रात्री, एकटं पाठवाल का? सगळं तोलून उत्तर ‘नाही’ आलं, तर त्याच्याकडे परवाना असता कामा नये.

त्याच नियमावलीत म्हटलंय, की तक्रारींची नीट नोंद ठेवा आणि त्यांत काही ठरावीक प्रकार दिसतोय का ते तपासा. तुमची एक तक्रार छोटी वाटेल. पण तिघींनी वेगवेगळ्या वेळी तेच लिहिलं असेल, तर चित्र बदलतं.

नोंद न घेतल्याची किंमत या देशानं मोजली आहे. रॉदरहॅममध्ये 1997 ते 2013 या काळात सुमारे 1400 मुलामुलींचं लैंगिक शोषण झालं, असा अंदाज 2014च्या चौकशी अहवालात आहे. अशा प्रकरणांत काही टॅक्सीचालकांचा हात वारंवार दिसतो, हेही त्यात नमूद आहे. 2015च्या दुसऱ्या अहवालानं कौन्सिलच्या परवाना विभागावरही ठपका ठेवला.

आता करायचं काय? गाडीच्या पाटीवरचा परवाना क्रमांक आणि कौन्सिलचं नाव टिपून घ्या. जमलं तर बिल्ल्याचा नंबरही. तारीख, वेळ, कुठून कुठे, आणि तो नेमकं काय बोलला, हे त्याच रात्री लिहून ठेवा. बुकिंगचा मेसेज पुसू नका.

पाटीवर दुसऱ्याच गावाचं नाव दिसलं तर गोंधळू नका. मँचेस्टरच्या रस्त्यावर वुल्व्हरहॅम्प्टनचा परवाना असलेली गाडी सहज भेटते. तक्रार पाटीवरच्या कौन्सिलकडे करायची. तुम्ही आपल्या कौन्सिलला कळवलंत, आणि बाब प्रवाशांच्या किंवा रस्त्याच्या सुरक्षिततेची असेल, तर 2022च्या कायद्यानं त्यांना ती 10 कामकाजाच्या दिवसांत तिकडे कळवावी लागते.

चालकाचीही बाजू असते. त्यांतले कितीतरी आपल्यासारखेच परदेशातून येऊन रात्रंदिवस कष्ट करणारे आहेत. म्हणून घडलं तेवढंच लिहा, वाढवून नको. कौन्सिल त्याचं म्हणणं ऐकतं. मग समज देणं, परवाना तात्पुरता थांबवणं किंवा रद्द करणं, यांतलं काहीही होऊ शकतं. परवाना गेला तर त्याला 21 दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात दाद मागता येते. आणि कौन्सिलनं तुमची तक्रार नीट हाताळली नाही, तर आधी कौन्सिलकडेच त्याची तक्रार करा, मग लोकपालाकडे जा.

माझं काय झालं? बिल्ला मी पाहिलाच नव्हता. पण कंपन्यांनी बुकिंगच्या नोंदी निदान सहा महिने ठेवायच्या असतात. दोन महिन्यांनी का होईना, मी तारीख आणि वेळ देऊन कौन्सिलला लिहिलं. निकाल अजून कळलेला नाही. पण माझ्यानंतर कुणी लिहिलं, तर ती एकटी नसेल.