पेन ड्राइव्हची ‘बाकी’

आज विषय थोडा तांत्रिक आहे, पण तुमच्या खिशातला आहे. फोनला ओटीजी लावून पेन ड्राइव्ह जोडला, फाइल मागितली आणि तिकडून अर्धाच डेटा आला, तर फोनला ते कळतं कसं?

किराणा दुकान आठवा. आपण यादी देतो, माल येतो, शेवटी चिठ्ठी मिळते. बहुतेक पेन ड्राइव्ह असंच बोलतात. फोन आधी 31 बाइटची ऑर्डर पाठवतो, त्यात किती बाइट हवेत ते लिहिलेलं असतं. मग डेटा. मग पेन ड्राइव्हकडून 13 बाइटची चिठ्ठी. त्या चिठ्ठीत एक आकडा असतो, ‘रेसिड्यू’. आपल्या भाषेत बाकी.

आता समजा फोनने 4096 बाइट मागितले. यूएसबी 2.0 च्या हाय-स्पीडमध्ये ते 512-512 च्या पाकिटांत येतात. पाकीट 512 पेक्षा लहान आलं की फोन समजतो, माल संपला. पण तीन पाकिटं पूर्ण भरून आली आणि पुढचा सेक्टरच खराब निघाला तर? 1536 बाइट आले, लहान पाकीट नाहीच. अशा वेळी पेन ड्राइव्ह तो मार्गच अडवतो, याला ‘स्टॉल’ म्हणतात. फोन अडथळा काढतो, चिठ्ठी मागतो. चिठ्ठीत लिहिलेलं असतं: काम फसलं, बाकी 2560. मग फोन वेगळी कमांड देऊन विचारतो, नेमकं काय झालं?

लिहिताना गंमत अजून वाढते. फोनने 4096 बाइट तारेवरून पाठवले म्हणजे पेन ड्राइव्हने तेवढे हाताळले असं नाही. बाकी मोजतात ती हाताळलेल्या बाइटवरून.

आणि हो, काही पेन ड्राइव्ह चिठ्ठीत चक्क चुकीची बाकी लिहितात! लिनक्स कर्नलमध्ये अशा विचित्र उपकरणांची यादीच ठेवलेली आहे. काहींपुढे खूण असते की यांच्या बाकीकडे दुर्लक्ष करा. अँड्रॉइड त्याच कर्नलवर चालतं. (जाता जाता: हे सगळे नियम ज्या कागदात आहेत, त्यावर तारीख छापलीय 31 सप्टेंबर 1999. कॅलेंडर बघा!)

मग बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर टाकून फोनमधून लगेच डिलीट करायचा का? थांबा. ‘कॉपी झालं’ असं दिसलं तरी काही डेटा फोनच्या मेमरीतच रांगेत असू शकतो. आधी इजेक्ट करा, म्हणजे ती रांग रिकामी होईल. मग ड्राइव्ह काढून पुन्हा लावा आणि तिथूनच व्हिडिओ उघडा. काढून लावायचं कारण असं की, नाहीतर फोन स्वतःच्या मेमरीतली प्रत दाखवून मोकळा होतो. सुरुवात बघून खूश होऊ नका, शेवटपर्यंत सरकवून बघा, फाइलचा आकार जुळतोय का तेही पाहा. तोवर फोनमधली प्रत राहू द्या.