बरोबर हाय का व माय?



एम. ए. मराठीच्या वर्गाला लेखन शिकवताना मी पहिल्या आठवड्यात एकच काम देते. आपल्या घरात रोज होणारं एखादं काम बघा आणि त्यावर एक पान लिहून आणा. अकोट तालुक्यातल्या एका मुलीनं कापूस वेचणीवर लिहून आणलं होतं. पहिलं वाक्य असं होतं : ‘ग्रामीण भागातील शेतकरी महिला अत्यंत हालअपेष्टा सहन करून कापूस वेचण्याचे कार्य करीत असतात.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण तिची आई जन्मभर कापूस वेचते आहे, आणि त्या पानभर मजकुरात आई कुठंच नव्हती.

मी तिला जवळ बसवून विचारलं, आई घरून किती वाजता निघते? कापूस कशात भरते? हाताला कुठं लागतं? ती भराभर सांगू लागली. माय उजाडायच्या आत निघते, कारण सकाळी दवानं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं ओली असतात, त्यांचा चुरा होत नाही आणि कापसात कचरा येत नाही. ऊन चढलं की पान कडक होतं. वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचतात, म्हणून माय बोटांना चिंध्या गुंडाळते. ओटी भरली की धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गाठोड्यात रिकामी करते. पिवळा पडलेला, किडका कापूस वेगळा ठेवायचा, त्याला कवडी म्हणतात.

मी म्हटलं, हेच लिही. ती म्हणाली, “मॅडम, हे कसं लिहायचं? हे तर आमचं घरचं बोलणं आहे.”

हे वाक्य मी दरवर्षी कोणा ना कोणाच्या तोंडून ऐकते, आणि दरवर्षी ते मला लागतं. मी स्वतः शाळेत असताना वहीत ‘मला’ऐवजी ‘मले’ लिहिलं होतं. त्यावर लाल शाईची फुली बसली आणि वही वर्गात सगळ्यांना दाखवली गेली. त्यानंतर कित्येक वर्षं घरचा एकही शब्द मी कागदावर येऊ दिला नाही. माझ्यासमोर बसणारी मुलंमुली त्याच वाटेनं आलेली असतात. बारावीपर्यंत त्यांनी ‘माय’ खोडून ‘माता’ लिहिलेलं असतं. एम. ए.ला आल्यावर त्यांच्याजवळ वाक्यं भरपूर असतात. त्या वाक्यांत घालायला माणसं मात्र उरलेली नसतात.

अशा वेळी मी त्यांना आधी उद्धव शेळके यांची ‘धग’ वाचायला देते. कादंबरी १९६० सालची. त्यातली नायिका कौतिक जशी बोलते तशी माणसं आजही अमरावतीच्या एसटी स्टँडवर भेटतात. पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’ देते, प्रतिमा इंगोले यांच्या कथा देते, विठ्ठल वाघांच्या कविता मोठ्यानं म्हणायला लावते. मुलांचे चेहरे बदलतात. छापील पुस्तकात ‘का’ऐवजी ‘काऊन’ दिसला की ती एकमेकांकडे बघतात.

आणि मग एका रविवारी आम्ही रिद्धपूरला जातो.

रिद्धपूर हे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं गाव. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव. महानुभावांचं हे तीर्थक्षेत्र तर आहेच, पण लेखन शिकणाऱ्या माणसानं इथं आणखी एका कारणासाठी जावं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या आठवणी विखुरल्या जाऊ नयेत म्हणून त्यांचे शिष्य म्हाइंभट कामाला लागले. स्वामींच्या सहवासात आलेल्या माणसांना ते गाठत गेले. कोणी काय पाहिलं, काय ऐकलं, ते विचारलं, लिहून घेतलं आणि पंथप्रमुख नागदेवाचार्यांपुढे ठेवून तपासून घेतलं. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. मराठी गद्यातला हा आद्य ग्रंथ.

मुलांना मी म्हाइंभटांची एक गोष्ट मुद्दाम थांबून सांगते. एकाच प्रसंगाबद्दल दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितलं, तर एकाचं खोटं ठरवून ते खोडलेलं नाही. दुसऱ्याचं म्हणणंही नोंदवून ठेवलेलं आहे. अशा पाठभेदाला त्या परंपरेत ‘वासना’ म्हणतात. सातशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात बसून माणसं साक्षीदाराच्या शब्दाला एवढं जपत होती. पुढे मूळ पोथी हरवली, तेव्हा ज्यांच्या तोंडी लीळा होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला, आणि म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले. १९७८ साली वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राची आवृत्ती दिली. कोलतेही आपलेच, बुलढाणा जिल्ह्यातले.

म्हाइंभटांच्या मंडळींतले केशोबास संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. तसं केलं तर माझ्या म्हाताऱ्या बायांना त्यातलं काही कळणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. ‘स्मृतिस्थळ’ या महानुभाव ग्रंथात हा प्रसंग आहे. रिद्धपुरात एका झाडाखाली बसून मी तो सांगितला, तेव्हा अकोटची ती मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली. २०२४ मध्ये पहिले कुलगुरू म्हणून डॉ. अविनाश आवलगावकर आले, महानुभाव साहित्याचे अभ्यासक. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. लेखन विद्यापीठात शिकवायचं म्हटलं की मात्र नाव निघतं ते दुसऱ्याच ठिकाणाचं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं १९३६ सालीच सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर उपक्रम सुरू केला. आपले कवी दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात राहून आले. आयोवा हाही मक्याचा, शेतीचा मुलूख. तिथं लेखनाची शाळा निघाली ती चांगलीच गोष्ट झाली. पण लेखन शिकण्यासाठी पहिलं नाव आयोवाचं घ्यावं लागावं, आणि रिद्धपूर आपल्या पोरांना फक्त परीक्षेतल्या टिपेपुरतं ठाऊक असावं, याचं मला फार वाईट वाटतं. या नव्या विद्यापीठाकडून माझी मोठी अपेक्षा आहे ती म्हाइंभटांची रीत तिथं रोज वापरात यावी ही.

आपल्या नेहमीच्या एम. ए.मध्येही आता या रीतीला जागा झाली आहे. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ८८ श्रेयांक आहेत. त्यांतले ४ संशोधन पद्धतीचे, ४ प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे किंवा क्षेत्रप्रकल्पाचे, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचे ४ आणि ६ मिळून १०. म्हणजे संशोधन पद्धतीचे सोडले तरी १४ श्रेयांक वर्गाबाहेर जाऊन, माणसांना भेटून आणि स्वतः लिहून मिळवायचे आहेत. काहीजण हा प्रकल्प तयार विकत घेतात, झेरॉक्सच्या दुकानात तो मिळतो, हे मला माहीत आहे. त्या मुलांवर मी रागावत नाही. तुझी माय तुझ्या प्रकल्पाचा ग्रंथ आहे, असं त्यांना वेळेवर कोणी सांगितलेलंच नसतं.

प्रशिक्षणासाठी कोणी वर्तमानपत्रात जातं आणि मुद्रितशोधन शिकतं. कोणी भाषांतर करतं, कोणी रेडिओसाठी लिहितं. मी आता तुमच्याशी बोलते आहे ते दहा मिनिटांचं भाषण म्हणजे साधारण हजार-अकराशे शब्द. हे लिहायला शिकवताना मी मुलांना मजकूर मोठ्यानं वाचायला लावते. जिथं श्वास पुरत नाही तिथं वाक्य मोडायचं. जिथं जीभ अडखळते तो शब्द बहुधा पुस्तकातून उचललेला असतो. एका मुलानं ‘सिंचनक्षमतावृद्धी’ तीनदा वाचून पाहिला, आणि मग आपण होऊन लिहिलं, ‘विहिरीला पाणी वाढलं’.

अकोटच्या मुलीनं दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचा विषय घेतला, कापसाच्या शेतातले बायकांचे शब्द. ती चार गावं फिरली. विचारलं, फोनवर ध्वनिमुद्रण केलं, रात्री बसून उतरवलं. पहिला खर्डा तयार झाल्यावर मी तिला सांगितलं, आता तो जिच्याकडून ऐकलास तिला वाचून दाखव.

ती घरी गेली. माय चुलीपुढं होती. पोरगी वाचत होती आणि मधेमधे विचारत होती, “बरोबर हाय का व माय?” माय मान हलवत होती. ‘उलंगवाडी’ या शब्दापाशी तिनं हात वर केला. पोरीनं उलंगवाडी आणि फरदड दोन्हींचा अर्थ ‘हंगामाचा शेवट’ असा दिला होता. माय म्हणाली, “नाई व बाई. उलंगवाडी म्हंजे येचनं सरलं, वावर मोकयं झालं. फरदड म्हंजे सरलं नाई, पानी देऊन पऱ्हाटी अजून उभी ठेवली. एक नाई ते.”

मी कापसाच्या मुलखातच वाढले. माझ्याही डोळ्यांपुढून तो खर्डा गेला होता, आणि ती चूक माझ्याही लक्षात आली नव्हती. त्या माउलीनं एका दमात दोन्ही अर्थ वेगळे करून ठेवले. प्रकल्पात आम्ही ती व्याख्या तिच्याच शब्दांत घेतली आणि खाली तिचं नाव, वय, गाव लिहिलं.

पुढे ‘शितादही’चं पान आलं. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती शितादही. एका गावातल्या आजीनं सांगितलं होतं, हे सीतामायचं दही, म्हणून सीतादही. दुसऱ्या गावातली बाई म्हणाली, छे, शितं आणि दही, म्हणून शितादही. मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, यातलं कोणतं ठेवू?”

मी काही बोलायच्या आत तिनंच पिशवीतून रिद्धपूरची ती वही काढली, एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. त्यावर एकच शब्द लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या : वासना.

दोन्ही ठेवले. आजीचं वर, दुसऱ्या बाईचं त्याच्या खाली, दोघींच्या गावांच्या नावांसकट.