घरच्या जलतरण तलावातील क्षारांचा थर

जलतरण तलावाच्या कडेला, पाण्याच्या पातळीलगतच्या फरशीवर उमटणारा पांढरा खरखरीत पट्टा बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. रसायनाच्या दृष्टीने ती चुनखडीच. गिझरच्या कॉइलवर चढणारे पुटही याच क्षाराचे. साबण त्यावर चालत नाही आणि तारेच्या ब्रशने फरशीची झिलई मात्र जाते.

दख्खनच्या बेसॉल्टमधून झिरपलेल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. ती विरघळलेली राहतात ती कार्बन डायऑक्साइडच्या आधाराने. बोअरचे पाणी तलावात उघड्यावर आले की हा वायू निसटतो, सामू चढतो आणि बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन ते पृष्ठभागावर बसते. कारंजी आणि कृत्रिम धबधबे ही क्रिया वेगाने घडवतात. शिवाय बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेटचे नेमके उलट आहे. म्हणून थर आधी धरतो तो हीटरच्या नळ्यांवर आणि उन्हाने तापणाऱ्या कडांवर.

बाष्पीभवनाचा वाटा सहसा लक्षात घेतला जात नाही. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात ७०,००० लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी उडाले, तर रोज ४०० लिटरची भर घालावी लागते. उडून जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. भरीच्या पाण्याचे काठिण्य लिटरमागे ४०० मिलिग्रॅम असेल, तर दिवसाला १६० ग्रॅम आणि शंभर दिवसांत १६ किलो क्षार तलावात जमा होतात. काठिण्य जवळजवळ २३० मिलिग्रॅमने वाढते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. तेव्हा पिण्याला चालणारे पाणी तलावालाही चालेल, हा समज सोडलेला बरा.

थर बसेल की नाही, हे आजमावण्याचे गणित कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ साली मांडले. सामू, तापमान, कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि एकूण विरघळलेले क्षार यांवरून निघणारा हा निर्देशांक शून्याच्या आसपास असला की पाणी समतोल समजावे. अधिक झाला तर थर बसतो. उणे झाला तर पाणी सिमेंटचा गिलावा आणि फरशीच्या सांध्यांतला माल खाऊ लागते. तलावासाठी उणे ०.३ ते अधिक ०.३ हा पल्ला सुरक्षित मानतात.

या गणितातली सर्वांत उपयोगाची गोष्ट अशी की, कॅल्शियम दुप्पट झाले तरी निर्देशांक फक्त ०.३ ने वाढतो, पण सामू ७.३ वरून ८.३ झाला तर तो पूर्ण १ ने वाढतो. काठिण्य ६०० असूनही सामू ७.२ ते ७.४ आणि अल्कलिनिटी ७० च्या आसपास राखली, तर ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात थर सहसा बसत नाही. जड पाणी ज्यांच्या नशिबी आहे, त्यांना हा मोठाच दिलासा आहे. वर सांगितलेल्या तलावात अल्कलिनिटी १० मिलिग्रॅमने उतरवायला साधारण ३१ टक्के तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे १.४ लिटर लागते. ते थोडेथोडे, पंप चालू ठेवून घालावे आणि मोजणी आठवड्यातून दोनदा तरी व्हावी.

जंतुनाशकाची निवडही महत्त्वाची आहे. कॅल्शियम हायपोक्लोराइट नावाप्रमाणेच कॅल्शियम वाढवते. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटमध्ये कॅल्शियम नसते, म्हणून जड पाण्याला ते बरे. ट्रायक्लोरच्या गोळ्या सामू उतरवतात, पण सायन्युरिक आम्ल साचवून क्लोरीनचा जोर कमी करतात. फॉस्फोनेट असलेली द्रव्ये कॅल्शियमला धरून ठेवतात. मात्र ती हळूहळू विघटित होतात, त्यामुळे वारंवार घालावी लागतात.

बसलेल्या थरावर सौम्य आम्लाचा थेंब टाकून पाहावा. फसफसला तर कार्बोनेट. मुळीच फसफसला नाही आणि रंग करडा असेल, तर सिलिकेटची शक्यता मोठी. ते घासूनही सहजी सुटत नाही, त्याला कारागीरच लागतो. कार्बोनेटचा नवा, पातळ थर सामू ७.२ ला काही आठवडे धरून ठेवल्यास आपोआप विरघळू लागतो. जुना थर चकचकीत फरशीवर ओल्या प्युमिस दगडाने हलकेच घासावा किंवा दहा भाग पाण्यात एक भाग आम्ल मिसळून पुसावा. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. क्लोरीनच्या कोणत्याही द्रव्याशी आम्लाचा संबंध आला तर विषारी वायू निघतो. कडेला शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवर असेल, तर तिथे आम्ल अजिबात लावू नये. हे दगड स्वतःच कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने थराबरोबर तेही झिजतात.

काठिण्य फारच चढले, तर काही पाणी काढून मऊ पाणी भरण्याला पर्याय नाही. गच्चीवरचे पावसाचे पाणी यासाठी उत्तम, कारण त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतेच. पहिल्या सरींचे पाणी मात्र वाहू द्यावे. पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा करू नये. भूजलाची पातळी वर आलेली असताना रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाऊन तडकू शकते. पाणी चौथाई हिश्श्याने बदलत गेल्यास काम थोडे लांबते, पण बांधकामाला धोका राहत नाही.