लोकनायक बापूजी अणे : वृत्तपत्र आणि राज्यासन

गेल्या पावसाळ्यांत कांहीं कामानिमित्त मला इंझोरीस जावें लागलें. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील हें गांव. परतीच्या मोटारीची वाट पाहत चहाच्या दुकानांत बसलों असतां समोरच्या बांकावर एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र मोठ्यानें वाचीत होते व चौघेजण तें ऐकत होते. पत्राच्या शिरोभागीं 'लोकमत' हीं अक्षरें होतीं. मीं सहज विचारलें, "आजोबा, या पत्राला हें नांव कोणीं दिलें?" त्यांनीं चष्मा कपाळावर सरकविला आणि म्हटलें, "मालकानंच ठेवलं असंन, भाऊ!"

श्रोतेहो, या उत्तरांत चूक फार थोडी आहे. आजचें दैनिक 'लोकमत' नागपुरास १५ डिसेंबर १९७१ रोजीं जवाहरलाल दर्डा यांनीं सुरूं केलें. परंतु नांव त्यापूर्वीचें आहे. इंझोरीला लागूनच असलेल्या यवतमाळ जिल्ह्यांत, खुद्द यवतमाळ गांवीं, १९१८ सालीं एका वकिलानें याच नांवाचें साप्ताहिक काढलें होतें आणि तें नांव लोकमान्य टिळकांनीं सुचविलेलें होतें. ते वकील म्हणजे माधव श्रीहरि अणे. वऱ्हाडांत त्यांस बापूजी म्हणत आणि पुढें सारा देश त्यांस लोकनायक म्हणूं लागला.

वृत्तपत्र काढणारा गृहस्थ पुढें राजकारणांत शिरतो, हें आपल्या देशांत नवल नाहीं. टिळकांचेंच उदाहरण समोर आहे. तिकडे तमिळ मुलुखांत सि. पा. आदित्यनार यांनीं १९४२ सालीं मदुरेस 'दिन तंती' हें दैनिक काढलें व १९६७ सालीं ते मद्रास विधानसभेचे सभापति झाले. दर्डा हेही महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळांत होते. तेव्हां बापूजींच्या चरित्राचें वैशिष्ट्य एवढ्यांत नाहीं. ज्यानें आपल्या पत्रास 'लोकमत' हें नांव लाविलें, तो गृहस्थ एके दिवशीं जाऊन बसला तो अशा सरकारांत, कीं ज्यानें लोकमताचेंच तोंड बंद केलें होतें. त्या दीड वर्षाविषयीं मला आज मुख्यतः बोलावयाचें आहे.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजीं वणी येथें झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें, कांहीं काळ अमरावतीस त्यांनीं शिक्षकाचें काम केलें आणि कायद्याची परीक्षा देऊन १९०८ च्या सुमारास यवतमाळास वकिली मांडली. संस्कृताचा व्यासंग लहानपणापासूनचा. कापसाच्या या पेठेंत वकिली बरी चाले. पण त्यांचें मन टिळकांच्या राजकारणांत होतें. होमरूलच्या चळवळींत ते पुढें आले आणि तिच्याच भरांत साप्ताहिक निघालें.

असल्या साप्ताहिकाचें तेव्हांचें स्वरूप आज डोळ्यांपुढें आणणें कठीण आहे. वर्गणी थकलेली, जाहिराती नांवापुरत्या आणि डोक्यावर मुद्रणाच्या कायद्याची टांगती तलवार. त्यांतून उत्पन्न कसलें निघणार? जिल्ह्यांतील माणसाला आपलें गाऱ्हाणें छापील अक्षरांत दिसावें, एवढाच त्याचा लाभ. आणि तो लाभ लहान नव्हता. पुढें तें साप्ताहिक बंद पडलें. स्वातंत्र्यानंतर दर्डांनीं त्याच नांवानें यवतमाळास पुन्हां साप्ताहिक काढलें व त्यांतूनच पुढें दैनिक उभें राहिलें.

१९२० नंतर बापूजी वऱ्हाड काँग्रेसचे अध्यक्ष होते. परंतु ते गांधीजींच्या मागें डोळे मिटून चालणारे नव्हते. कायदेमंडळांत जावें, जें मिळेल तें घ्यावें व उरलेल्यासाठीं भांडावें, ही टिळकांची प्रतियोगी सहकारिता त्यांस पटत असे. म्हणून १९२६ सालीं जयकर, केळकर व डॉ. मुंजे यांच्याबरोबर त्यांनीं त्या नांवाचा निराळा पक्षच काढला. मोतीलाल नेहरूंच्या १९२८ च्या समितींतही ते होते. पण १९३० सालीं सत्याग्रहाची हांक येतांच हाच गृहस्थ पुढें झाला. वऱ्हाडास समुद्र नाहीं. अकोल्याजवळ दहीहंड्यास खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तेथें मीठ करून झालें. त्यानंतर काय करावयाचें? जंगलाचे कायदे तर शेतकऱ्याच्या दारापर्यंत आलेले होते. जुलै महिन्यांत बापूजींनीं पुसदच्या राखीव जंगलांत गवत कापलें व ते तुरुंगांत गेले. इंझोरीहून मानोरा, मानोऱ्याहून दिग्रस व दिग्रसहून पुसद, असा तो मुलूख एकमेकांस लागून आहे. गुराच्या तोंडचें गवत तोडल्याबद्दल मोठा वकील कैदेंत जातो, याचा अर्थ त्या भागांतील कुणब्यास वा बंजाऱ्यास व्याख्यानावांचून कळला असेल.

१९३३ सालीं ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते, आणि सामुदायिक कायदेभंग थांबविल्याची घोषणा करण्याचें अप्रिय काम त्यांच्याकडे आलें. पुढच्याच वर्षीं जातीय निवाड्यावरून पंडित मालवीय व बापूजी काँग्रेसच्या धोरणापासून वेगळे झाले. हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, बहुमताविरुद्ध उभें राहण्याची या माणसास संवय होती.

जुलै १९४१ मध्यें लॉर्ड लिनलिथगो यांनीं आपलें कार्यकारी मंडळ वाढविलें व त्यांत आठ हिंदी सभासद घेतले. परदेशस्थ हिंदी लोकांचें खातें बापूजींनीं पत्करलें. काँग्रेसचे लोक चिडले. मला वाटतें, बापूजींच्या दृष्टीनें त्यांत तत्त्वच्युति नव्हती. १९२६ सालीं जें बोलले तेंच त्यांनीं १९४१ सालीं केलें. आणि ब्रह्मदेश, मलाया येथें अडकलेल्या लाखों हिंदी लोकांचा प्रश्न त्या काळीं खरोखरच जिवावरचा होता. लोभाचा आरोप त्यांच्यावर चिकटत नाहीं.

परंतु ऑगस्ट १९४२ उजाडला. चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथें १६ ऑगस्ट रोजीं लोक खवळले, त्यांत सरकारी अधिकारी मारले गेले. मागून लष्कर व पोलीस आले आणि त्यांनीं गांवावर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार केले त्यांची वार्ता दबत्या आवाजांत नागपूरपर्यंत पोंचली. चौकशी करण्यास सरकार तयार नव्हतें. तेव्हां सेवाग्राम आश्रमांतील प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी नोव्हेंबर महिन्यांत दिल्लीस गेले. ते कोणाकडे गेले? थेट बापूजींकडे. आपण विदर्भाचे, चिमूरही विदर्भांतलें, आपण चौकशी करवा, अशी त्यांची मागणी होती. बापूजींच्या हातून तें होईना. भणसाळींनीं त्यांच्याच निवासस्थानीं उपोषण आरंभिलें. पोलिसांनीं त्यांस उचलून सेवाग्रामास पोंचविलें, तरी उपोषण थांबलें नाहीं. तें त्रेसष्ट दिवस चाललें.

यापुढचा भाग वृत्तपत्रांचा आहे. या उपोषणाच्या बातमीवर सरकारनें बंदी घातली. त्यावर संपादक परिषदेनें असें ठरविलें कीं, सरकारी मानपदव्यांची नववर्षाची यादी छापावयाची नाहीं, सरकारच्या सभासदांचीं भाषणेंही छापावयाचीं नाहींत. आणि ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील अनेक पत्रांनीं अंकच काढले नाहींत. म्हणजे यवतमाळास 'लोकमत' काढणाऱ्या गृहस्थाचें भाषण आतां देशभरच्या संपादकांनीं आपल्या पत्रांतून वगळावयाचें, अशी वेळ आली. १२ जानेवारीस तडजोड झाली, बंदी उठली व भणसाळींनीं उपोषण सोडलें.

या प्रसंगीं बापूजींनीं राजीनामा कां दिला नाहीं? त्यांचे चाहते म्हणतात कीं, आंत राहूनच तडजोड साधणें शक्य होतें. असेल. तरीही मला तें समर्थन अपुरें वाटतें. आपल्याच प्रांतांतील गांव, आपल्याच दारांत उपाशी बसलेला माणूस आणि आपल्याच जुन्या व्यवसायावर घातलेलें कुलूप, हीं तिन्हीं एकाच वेळीं समोर असतां खुर्चीवर बसून राहणें हा त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत दुबळा काळ होय. त्यांच्याविषयीं आदर बाळगूनही हें बोलावें लागतें.

पुढच्याच महिन्यांत मात्र ती खुर्ची सुटली. १० फेब्रुवारी १९४३ रोजीं गांधीजींनीं पुण्यास आगाखान राजवाड्यांत एकवीस दिवसांचें उपोषण आरंभिलें. त्यांस सोडावें असा आग्रह बापूजी, सर होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांनीं मंडळांत धरला. तो मान्य झाला नाहीं, आणि १७ फेब्रुवारीस तिघेही बाहेर पडले. ज्या गांधीजींशीं त्यांचा मतभेद वीस वर्षांचा, त्यांच्यासाठीं त्यांनीं राज्यासन टाकलें. भणसाळींसाठीं टाकलें नव्हतें. मोठ्या माणसाचें उपोषण लवकर ऐकूं येतें, असें कोणी म्हणेल. कीं चिमूरच्या वेळचें शल्य मनांत होतें आणि दुसऱ्या वेळीं तें सहन झालें नाहीं? मला दुसरा तर्क अधिक संभवनीय वाटतो, कारण पुराव्यापेक्षां माणसाच्या स्वभावावर माझा भरंवसा अधिक आहे.

नंतरचीं पदें थोडक्यांत सांगतों. १९४३ पासून १९४७ पर्यंत ते सिलोनांत हिंदुस्थानचे प्रतिनिधि होते. तेथें चहाच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न त्यांच्यापुढें होता. १९४८ पासून १९५२ पर्यंत ते बिहारचे राज्यपाल होते. विदर्भाचें निराळें राज्य व्हावें हें त्यांचें मत अखेरपर्यंत टिकलें आणि १९६२ सालीं ऐशीं वर्षें उलटल्यावरही ते नागपुरांतून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. २६ जानेवारी १९६८ रोजीं त्यांचें निधन झालें. पद्मविभूषण त्यांस त्याच वर्षींचें.

उतारवयांत ते एका निराळ्याच लेखनांत गुंतले होते. टिळकांचें चरित्र त्यांनीं संस्कृत श्लोकांत लिहिलें. 'तिलकयशोऽर्णव' हें त्याचें नांव, आणि श्लोक हजारोंनीं. एके काळीं ज्यानें शेतकऱ्यास कळावें म्हणून मराठी साप्ताहिक काढलें, त्यानें शेवटीं गुरूविषयीं लिहितांना अशी भाषा निवडली, कीं जी इंझोरीच्या त्या बांकावर कोणीही वाचून दाखविली नसती. साहित्य अकादमीनें १९७३ सालचें संस्कृत पारितोषिक या ग्रंथास दिलें. तोंवर बापूजींना जाऊन पांच वर्षें झालीं होतीं, आणि त्यांच्या साप्ताहिकाच्या नांवाचें दैनिक नागपुरांत दोन वर्षांचें झालें होतें.