महाराणी चिमणाबाई : पुण्यातली परिषद आणि घरातली लेक

(चिंचवड येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



जानेवारी 1927 मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात देशभरातल्या स्त्रिया जमल्या होत्या. विषय होता मुलींचे शिक्षण. मुंबईहून आलेल्यांची गाडी आपल्या चिंचवडवरूनच गेली असणार. अखिल भारतीय महिला परिषदेचे ते पहिले अधिवेशन, आणि अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड.

माहेरच्या त्या गजराबाई घाटगे, देवासच्या. 1885 मध्ये सयाजीरावांशी लग्न झाले तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या. शिक्षण सासरी झाले, तेही पडद्याआड. हो, पडदा! तो फक्त आपल्याच घरांत होता असे समजणाऱ्यांनी मराठा राजघराण्यांचा इतिहास जरूर वाचावा. 1914 च्या सुमारास त्या जाहीर समारंभात नवऱ्याशेजारी उघड्या चेहऱ्याने बसल्या, तेव्हा कुठे तो सुटला.

त्याआधी, 1911 मध्ये, एस. एम. मित्रा यांच्यासोबत त्यांनी भारतीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. परदेशांत बायका कोणकोणते व्यवसाय करतात हे पाहून इथल्या बायकांना काय करता येईल, याचा विचार त्यात आहे. मला हे फार मोलाचे वाटते. स्त्रीचा नुसता गौरव त्यांनी केला नाही, तिच्या कमाईचा विषय काढला. चाकणला पहिल्या शिफ्टसाठी पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या आपल्या बहिणींना त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

पुण्यानंतर दुसरे अधिवेशन 1928 मध्ये दिल्लीत झाले. त्याच्या अध्यक्ष भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. बुरख्यात राहून त्यांनी पंचवीस वर्षे राज्य केले होते, आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपतीही त्याच. त्यामुळे चिमणाबाई ‘त्यांच्या’ आणि बेगम ‘आपल्या’ ही वाटणी मला पटत नाही. दोघी एकाच खुर्चीवर बसल्या, एकीनंतर दुसरी.

आता जे सहसा सांगितले जात नाही, ते सांगते. चिमणाबाईंची एकुलती एक मुलगी इंदिराराजे. तिचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरले होते. त्यांना पहिली पत्नी होती. इंदिराराजेंना कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र आवडले. त्यांनी स्वतः ग्वाल्हेरला पत्र लिहून लग्न मोडले. घरात वादळ उठले. ज्या आईने स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, तिनेच कडाडून विरोध केला. अखेर 1913 मध्ये लंडनला लग्न झाले. आईवडील गेले नाहीत.

यावरून चिमणाबाईंना ढोंगी म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. पण इथे बसलेल्या भावांना विचारते: बहिणीला शिकवलेत, नोकरीलाही पाठवलेत. उद्या तिने ठरलेल्या स्थळाला नाही म्हटले, तर? आणि बहिणींनो, आपल्या भावजयीच्या बाबतीत आपण काय करतो?

इंदिराराजेंचे पती 1922 मध्ये वारले. मुलगा लहान होता. आई पुण्यात परिषदेच्या अध्यक्षपदी बसली, तेव्हा लेक कूचबिहारचा राज्यकारभार पाहत होती.