वसतिगृहाची भिंत आतून पाहा



आदिवासी मुलांच्या वसतिगृहाला नवी खोली हवी म्हटले की आपल्या मंडळ्या सढळ हाताने देतात. कोनशिला बसते, समर्पणाची प्रार्थना होते. पुढे त्याच खोलीच्या छताकडे वर्षानुवर्षे कोणी मान वर करून पाहत नाही. आज मला त्याबद्दल बोलायचे आहे.

लेवीय पुस्तकाच्या १४व्या अध्यायात घराच्या भिंतीवर उठणाऱ्या चट्ट्याविषयी नियम आहेत. घरमालकाने याजकाला कळवायचे. याजक आधी घर रिकामे करायला लावतो, मग आत जाऊन पाहतो. सात दिवसांनी पुन्हा येतो. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून नवे बसवतात आणि घर पुन्हा लिंपतात. तो विधी आज आपण करत नाही. पण सामान हलवून पाहणे, पुन्हा येऊन पाहणे आणि थोडे बिघडले असतानाच दुरुस्त करणे, ही शिस्त घेण्यासारखी आहे.

आपली मुले ज्या पाड्यांवरून येतात तिथेही ही शिस्त आहे. कुडाची भिंत शेणामातीने लिंपतात, पावसाआधी छप्पर शाकारतात. त्या निमित्ताने घरभर हात फिरतो. सिमेंटच्या इमारतीला मात्र आपण ‘पक्की’ म्हणतो आणि विसरतो.

म्हणून विनंती अशी, की मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत समितीतील दोघांनी दिवस ठरवून प्रत्येक खोली आतून पाहावी.

आधी छत पाहा. ओलीचा डाग किंवा फुगलेला गिलावा दिसला तर खालची अंथरुणे त्याच दिवशी हलवा. स्लॅबमधली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटचा थर सुटून खाली पडतो.

मग मुलांच्या पेट्या भिंतीपासून ओढा. वाळवी अशाच अंधारात मातीच्या नळ्या करून चढते. दाराची चौकट ठोकून पाहा. पोकळ वाजली तर आतून खाल्लेली असू शकते.

भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. पुढच्या वेळी भेग खुणेपलीकडे गेली असेल तर अभियंत्याला बोलवा.

विजेचा बोर्ड ओल्या भिंतीवर असेल किंवा काळवंडला असेल तर हात लावू नका. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. ईएलसीबी असेल तर तिचे चाचणीचे बटण दाबा. वीज लगेच गेली पाहिजे.

शेवटी मुलांना विचारा. ती सहसा तक्रार करत नाहीत. रात्री पाणी ठिबकले तर अंथरूण सरकवून गप्प झोपतात. “छत गळते का?” असे विचारले तर मान हलवतील. “पावसात अंथरूण कुठे सरकवतोस?” असे विचारा, म्हणजे जागा कळेल.

जे दिसले ते वहीत लिहा आणि कोण, कधी दुरुस्त करणार तेही लिहा. फुटलेले कौल बदलणे थोड्या वेळाचे काम आहे. ते तसेच राहिले तर वासा कुजतो, भिंत ओलावते आणि मग मोठ्या खर्चासाठी आपल्यालाच आवाहन करावे लागते.

देणगीदारांनो, पुढच्या वेळी नव्या खोलीसाठी द्याल तेव्हा एक वाटा डागडुजीच्या नावाने द्या. आईबाप आपले लेकरू आपल्या छपराखाली सोपवून डोंगर चढून परत जातात. ते छप्पर शाबूत आहे की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

देव आपणांस विश्वासू कारभारी करो.