आकड्यांना बोलते करू या
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



‘बिझनेस इंटेलिजन्स’ हे आजच्या विषयाचे नाव मोठे भारदस्त आहे. पण अर्थ आपल्या घरातलाच आहे. वाणसामान, दूध, औषधपाणी यांचा खर्च लिहिणारी गृहिणी महिनाअखेर वही चाळते आणि पुढे हात कोठे आखडायचा ते ठरवते. मोठ्या संस्थांत हेच काम संगणकाच्या साहाय्याने होते. ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र येतात, जुळवल्या जातात आणि चटकन समजतील अशा आलेखांतून पडद्यावर दिसतात. आय.बी.एम.मधील हान्स पीटर लून यांनी १९५८ साली याच नावाने एक लेख लिहिला. योग्य माहिती योग्य माणसाच्या हाती पडावी, ही त्यातली मुख्य कल्पना.

त्याच्या शंभर वर्षे आधी, १८५८ मध्ये, एका स्त्रीने संगणकावाचून हे करून दाखवले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ओळखतो. पण त्या आकडेशास्त्रातही निपुण होत्या. क्रिमियन युद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या मृत्यूंचे त्यांनी महिनावार चित्र काढले. जखमांचे मृत्यू तांबड्या रंगात, टाळता येण्याजोग्या रोगांचे निळ्या रंगात. निळा भाग कितीतरी मोठा होता! सैनिकांना शत्रूपेक्षा घाण अधिक मारीत होती. रकान्यांतून न दिसणारी गोष्ट चित्राने डोळ्यांपुढे आणली, आणि लष्करी आरोग्यव्यवस्था सुधारण्याच्या त्यांच्या मागणीला बळ आले.

आता आपल्या फराळ-विक्रीकडे वळू. समजा, चकली ५० किलो खपली आणि किलोमागे मजुरीसह सर्व खर्च जाऊन ४० रुपये उरले. अनारसे २० किलोच खपले, पण किलोमागे १२० रुपये उरले. गर्दी चकलीला; शिल्लक मात्र चकलीची २,००० आणि अनारशांची २,४००. नुसत्या गर्दीवरून ठरवले असते, तर अनारसे बंद झाले असते आणि ते करणाऱ्या भगिनींचे काम गेले असते.

पण दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली ही की, नोंद जशी, तसे उत्तर. कोणी ‘चकली’ लिहिले, कोणी ‘भाजणीची चकली’, तर एकाच जिनसाचे दोन हिशेब होतात. शिवाय माल संपल्यामुळे जे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले, ते विक्रीच्या वहीत दिसतच नाही. त्याची वेगळी नोंद हवी. दुसरी गोष्ट अशी की, आकडा परिस्थिती दाखवतो, कर्तव्य सांगत नाही. चकलीत नफा थोडा असला, तरी तिच्यावर चार घरांची चूल पेटत असेल, तर काय करावे हे पडद्याने नव्हे, आपणच बसून ठरवायचे असते.

म्हणून माझी विनंती एवढीच की, या वर्षापासून प्रत्येक विभागाने तारीख, जिन्नस, खर्च, विक्री आणि ‘मागितले पण मिळाले नाही’ असे पाच रकाने रोजच्या रोज भरावेत. पुढे आपल्या मुली-सुना ते संगणकावर चढवतील. बैठकीत मग ‘मला वाटते’ याच्या जोडीला ‘वही असे सांगते’ हेही ऐकू येईल. आणि जिचा आवाज लहान आहे, तिचेही म्हणणे आकड्याच्या आधाराने ऐकले जाईल.